ऑफर लेटर आहे, पुढे काय? ठाणे–नवी मुंबईतल्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी पाठवताना

दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर, किसननगर, मुंब्रा, शहापूरचे पाडे. इथल्या मुलामुलींना परदेशी विद्यापीठाचं ऑफर लेटर मिळणं आता नवलाचं राहिलेलं नाही. ऑफर हातात असूनही जाता न येणं मात्र अजून चालूच आहे. कुणाची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) वेळेत येत नाही, कुणाची विद्यापीठाला भरायच्या डिपॉझिटची मुदत उलटते, कुणाला शिष्यवृत्ती मंजूर होते पण पहिला हप्ता यायच्या आत व्हिसाचे पैसे भरायचे असतात. ज्या घरातलं कुणी आधी जाऊन आलंय, तिथे हे सगळं जेवताना कानावर पडतं. बाकीच्यांना ते कुणीतरी बसून सांगावं लागतं. हा मजकूर त्या सांगणाऱ्यांसाठी आहे: कॉलेजातले प्राध्यापक, वस्तीत अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते, नुकतेच शिकून आलेले ताई-दादा.

मार्कांचा अडथळा आपण समजतो त्यापेक्षा लहान असतो. खरी गाडी अडते ती तारखांवर. मास्टर्स सप्टेंबरात सुरू होणार असेल, तर काम आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये हाती घ्यायचं. म्हणजे अठरा महिने आधी, मुलगी टीवायला जायच्या बेतात असताना. "आधी पदवी होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्यांचं एक वर्ष तिथेच जातं.

सुरुवात व्हॅलिडिटीपासून

इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या मुलाकडे जात वैधता प्रमाणपत्र असतं, कारण प्रवेशाच्या वेळीच ते मागतात. बीए, बीकॉम, बीएमएसच्या मुलांना तीन वर्षांत ते कुणी विचारलेलंच नसतं. त्यांच्याकडे जातीचा दाखला असतो आणि तेवढा पुरेल असं वाटतं. राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीला तो पुरत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं: दाखला आहे की व्हॅलिडिटी आहे? कागद प्रत्यक्ष बघायचा. "आहे" या उत्तरावर विसंबायचं नाही.

व्हॅलिडिटी नसेल तर वडिलांकडून चुलते, आत्या, चुलत भावंडं यांच्यापैकी कुणाची झाली आहे का, हे शोधायचं. रक्तनात्यातली एक व्हॅलिडिटी मिळाली की काम निम्मं हलकं होतं. कुणाचीच नसेल तर जुना पुरावा लागतो. मानीव दिनांक, म्हणजे ज्याच्या आधीचा पुरावा लागतो ती तारीख, लक्षात ठेवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी आजोबा-पणजोबा जिथे राहत होते तिथला जातीची नोंद असलेला कागद हवा: शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद.

नवी मुंबईत अडचण अशी की निम्म्या वस्तीचं मूळ गाव सोलापूर, सातारा, जालना किंवा बीडकडे असतं. घरात आधीची व्हॅलिडिटी नसेल तर दाखला मूळ गावच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून काढावा लागतो, आणि पडताळणी त्याच जिल्ह्याच्या समितीकडे जाते. म्हणजे दिघ्यात जन्मलेल्या मुलाची फाइल सोलापुरात. गणपतीला किंवा मे महिन्यात घरचे गावी जाणारच असतात. त्या खेपेत शाळेचा उतारा आणायला सांगा. नंतर तेवढ्यासाठी रजा टाकून जायचं म्हटलं तर रोजंदारीवरचा माणूस जात नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

समितीकडे अर्ज ऑनलाइन भरला तरी वंशावळीचं शपथपत्र (नमुना ३) आणि कागद खरे असल्याचं शपथपत्र (नमुना १७) जोडावंच लागतं. वंशावळीत एका चुलत्याचं नाव राहिलं आणि नेमकी त्याचीच व्हॅलिडिटी पुरावा म्हणून लावली, की त्रुटी निघते. शपथपत्र टाइप करायच्या आधी आजीला शेजारी बसवून वंशावळ कागदावर काढा. आदिवासी मुलांची पडताळणी वेगळ्या, जमातींच्या तपासणी समितीकडे होते. तिथे वेळही जास्त धरावा लागतो.

केंद्राच्या योजनेत अर्ज करायचा असेल तर केंद्रीय नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढून ठेवा. नवबौद्ध कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण राज्याचा आणि केंद्राचा नमुना एकसारखा नाही. मूल ओबीसी, विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गातलं असेल तर नॉन-क्रिमिलेयरची मुदत कधी संपते तेही पाहा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आणि तो ताजा लागतो. तो फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. वडील माथाडी असतील तर बोर्डाच्या पगाराचा तपशील, नोकरीला असतील तर फॉर्म १६, छोटा धंदा असेल तर तलाठ्याचा अहवाल, एवढी तयारी मात्र आधी होऊ शकते. आणखी एक गोंधळ हमखास होतो. खारघर, कामोठे, कळंबोली आपण नवी मुंबई म्हणतो, पण तो पनवेल तालुका, जिल्हा रायगड. तिथल्यांचा दाखला पनवेलहून. बेलापूर ते दिघा ठाणे तालुक्यात येतं, म्हणून त्यांचा ठाण्याहून. चुकीच्या तालुक्यात टाकलेला अर्ज पंधरा दिवसांनी परत येतो.

नावाची गोष्ट, जिच्यावर सगळं अडकतं

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर कधी उलटं. पदवीच्या कागदावर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. पासपोर्टमध्ये आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच रकाने. पासपोर्ट काढण्याआधीच ठरवा की दहावीच्या गुणपत्रिकेचं स्पेलिंग प्रमाण मानायचं, आणि आधार, पॅन, बँक खातं त्याला जुळवून घ्यायचं. लग्न झालेल्या मुलीचं आडनाव काही कागदांवर बदललं असेल, तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

पासपोर्ट आजच काढायला लावा. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळला वर २,००० जातात, आणि ते केवळ उशीर केल्याचे जातात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची पोलीस पडताळणी पत्त्यावर अडते. करार नोंदणीकृत नसेल तर आधार आणि बँक पासबुकावरचा पत्ता तरी आता राहतात तोच आहे का, ते आधी तपासा.

कुणाची योजना कुणासाठी

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जागा, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. वयाची मर्यादा मास्टर्सला ३५, पीएचडीला ४०. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची, अल्पसंख्याकांसाठी त्यांच्या विभागाची. आदिवासी मुलांनी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वेगळी. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, पात्रता परीक्षेत ६० टक्के, वय ३५ च्या आत, विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या २० जागा आहेत, त्यातल्या ३ विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी. आपल्या जिल्ह्यातले कातकरी त्या गटात येतात, आणि बऱ्याच कार्यकर्त्यांनाही हे माहीत नसतं. दिव्यांग मुलांसाठीही केंद्राच्या २० जागा आहेत.

एक अट अशी आहे की ती वाचली नाही तर वर्ष फुकट जातं. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी निगडित सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत. जातिव्यवस्थेवर किंवा मुंबईच्या गिरणी कामगारांवर संशोधन करायला निघालेल्या मुलीने ही वाट धरू नये. तिने राज्याची योजना किंवा विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती पाहावी.

राज्याच्या योजनांमधल्या रँकिंगच्या, टक्केवारीच्या आणि उत्पन्नाच्या अटी गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलल्या आहेत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मागल्या वर्षीचा तक्ता वापरू नका. त्या वर्षीची जाहिरात आणि जीआर दोन्ही छापून फळ्यावर लावा. रँकिंग म्हणजे विद्यापीठाचं एकूण क्यूएस रँकिंग, विषयाचं नव्हे. विषयात पन्नासावं पण एकूण सव्वातीनशेवं असलेलं विद्यापीठ कितीही चांगलं असलं तरी, अट पहिल्या २०० ची असेल तर तीत बसत नाही. छाननीत हे कुणी ऐकून घेत नाही.

सरकारी योजना म्हणजे सर्वस्व नव्हे. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च देते. त्याला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. पदवीनंतरचा धरावा, आणि बिनपगारी कामही चालतं. अभ्यासिकेत शिकवलेले, संस्थेत सर्वेक्षण केलेले तास मोजा आणि त्यांचं पत्र वेळच्या वेळी घ्या. मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, आणि परतल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. युरोपातल्या इरास्मस मुंडस मास्टर्सची शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि फी वेगळी भरावी लागत नाही. अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत सुटतात. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग या तीन ठिकाणी, ज्यांना स्वतःच्या पैशाने जाणं शक्य नाही अशा हुशार मुलांसाठीच आहे. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंट आणि के. सी. महिंद्रा या दोन्ही कर्जरूपाने मदत देतात; त्या मोठ्या शिष्यवृत्तीच्या जोडीला घ्यायच्या.

आणि एक वाट जवळजवळ कुणी सांगतच नाही. विज्ञानात एमएस्सी करणाऱ्या किंवा चार वर्षांचं इंजिनिअरिंग झालेल्या मुलाने अमेरिकेत मास्टर्सऐवजी थेट पीएचडीला अर्ज करावा. चांगल्या विभागांत फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा विद्यावेतन मिळतं. अर्जाची फी ७५ ते १२५ डॉलर असते खरी, पण परिस्थिती सांगून ती माफ करा अशी विनंती विभागाला ईमेलने करता येते, आणि पुष्कळ ठिकाणी ती होते. ईमेल पाच ओळींचा हवा: कोण, कोणता विषय, कोणता प्रोग्राम, घरचं उत्पन्न किती, कोणता दाखला जोडला आहे. गरिबीचं वर्णन नको.

एजंटाचा सल्ला फुकट का असतो

ठाणे स्टेशनबाहेर, वाशीत, नेरुळला "मोफत मार्गदर्शन" देणारी कार्यालयं आहेत. त्यांना कमिशन विद्यापीठं देतात. म्हणून ती साहजिकच कमिशन देणारी विद्यापीठं सुचवतात, आणि त्यातली बरीच शिष्यवृत्तीच्या रँकिंगमध्ये बसत नाहीत. प्रवेश महिन्यात होतो, शिष्यवृत्ती कधीच होत नाही. जर्मनीच्या बाबतीत फसगत आणखी सोपी. "जर्मनीत फी नाही" हे सरकारी विद्यापीठांपुरतं बहुतांशी खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता फी घेतं. पण एजंट दाखवतो ते बहुधा खासगी विद्यापीठ असतं आणि त्याची फी लाखांत जाते. शिवाय फी नसली तरी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांहून जास्त, दाखवावे लागतात. वर भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये. घरी हे आकडे आधी सांगा, मग "फुकट" हा शब्द वापरा.

अमेरिकेसाठी यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानच्या मुंबई कार्यालयातलं एज्युकेशनयूएसए केंद्र खरोखर विनामूल्य सल्ला देतं. विद्यापीठाशी थेट ईमेलने बोलायची सवय मुलांना लावली तर एजंटाची गरज फारशी उरत नाही.

इंग्रजी, शिफारसपत्र, ट्रान्सक्रिप्ट

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि गुण दोन वर्षं चालतात. बहुतेक मास्टर्सना ६.५ मागतात, कोणत्याही भागात ६ च्या खाली नको. मराठी माध्यमातून आलेल्यांचं वाचन-ऐकणं सरावाने येतं, अडतं लेखनात. त्यात दुसऱ्या प्रश्नाला, २५० शब्दांच्या निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन आहे. तरी मुलं पहिल्या १५० शब्दांत अर्धा तास घालवतात. घड्याळ लावून २० आणि ४० मिनिटं अशी वाटणी पाळायला लावा, आठवड्याला तीन निबंध, दोन महिने. हे न करता परीक्षा दिली तर अठरा हजार दुसऱ्यांदा जातात, आणि दुसऱ्यांदा भरण्याची ऐपत नसते.

फी भरण्याआधी विद्यापीठाच्या पानावर पाहा की पदवीचं माध्यम इंग्रजी असल्याचं कॉलेजचं पत्र चालतं का. काही ठिकाणी चालतं आणि खर्च वाचतो. मात्र बीएचे पेपर मराठीतून लिहिले असतील तर असं पत्र मागू नका. खोटं पत्र पुढे उघडं पडतं.

शिफारसपत्राची गंमत वेगळीच. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग तीन सरांची तीन पत्रं एकाच हाताची निघतात आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. मुलाने सरांना एक पान द्यावं: कोणत्या वर्षी कोणता पेपर शिकवला, त्यात गुण किती, कोणता प्रकल्प केला, वर्गात कोणता प्रश्न विचारला होता, कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज करतोय. त्यावरून सरांनी स्वतःच्या शब्दांत दीड पान लिहावं. "मेहनती आणि नम्र" याने काही होत नाही. "प्रयोगशाळेतलं बंद पडलेलं उपकरण दोन दिवस बसून चालू केलं" याने होतं. पत्र कॉलेजच्या डोमेनच्या ईमेलवरून गेलं पाहिजे; खासगी ईमेल पाहून काही विद्यापीठं पत्र बाजूला ठेवतात. प्राचार्यांना सांगून अशा प्राध्यापकांचे अधिकृत पत्ते आधीच तयार करून घ्या. अपलोडची लिंक स्पॅममध्ये जाते आणि मुदत संपली की बंद होते, म्हणून शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी सरांच्या शेजारी बसून ती उघडून पाहा.

मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचे अधिकृत उतारे) कलिन्याच्या परीक्षा भवनातून येतात. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, केटी (राहिलेले विषय) सुटलेल्यांसकट, जुळवून ठेवल्याशिवाय अर्ज करू नका. केटी लपत नाही. ती का लागली आणि पुढे काय सुधारलं, हे उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) दोन वाक्यांत लिहून टाकावं. उद्देशपत्राचा बाकीचा भाग विषयाचा असावा. वस्ती, संघर्ष, आईचे कष्ट यांना एक परिच्छेद पुरे. विभागाला जाणून घ्यायचं असतं की ही मुलगी तिथे काय शिकणार आणि त्याची तयारी किती आहे.

रोख पैसा कधी लागतो

एका मोठ्या कागदावर चार रकाने पाडा: खर्च, रक्कम, कोणत्या महिन्यात, शिष्यवृत्ती परत देते का. आई-वडिलांना घेऊन हा कागद भरायचा. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्सचा हिशेब, पाउंड १२० रुपये धरून, असा पडतो. पासपोर्ट, आयईएलटीएस आणि ट्रान्सक्रिप्ट मिळून पंचवीस हजार. व्हिसाचं शुल्क पाचशे पाउंडांहून जास्त, म्हणजे साठ हजारांच्या वर. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड. व्हिसा कोर्सपेक्षा काही महिने जास्त मिळतो म्हणून एका वर्षाच्या कोर्सला दीड वर्षाचा, १,१६४ पाउंड, जवळपास १ लाख ४० हजार. विमानाचं तिकीट पन्नास हजार धरा. म्हणजे विमानात बसायच्या आधीच पावणेतीन लाख रोख, आणि कॅस (व्हिसासाठी लागणारं प्रवेश-निश्चितीचं पत्र) देण्यापूर्वी विद्यापीठ डिपॉझिट मागतं ते वेगळं. ते दोन ते पाच हजार पाउंड असू शकतं.

शिष्यवृत्ती यातला बराच खर्च मान्य करते, पण पैसे नंतर येतात. राज्याची जाहिरात आणि निकाल यांचं वेळापत्रक ब्रिटनच्या सप्टेंबरच्या सत्राशी सहसा जुळत नाही. तीन गोष्टी करता येतात. अर्ज केल्याबरोबर विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला कळवायचं की सरकारी शिष्यवृत्तीचा निर्णय प्रलंबित आहे, डिपॉझिटची मुदत वाढवा. निवड झाल्यावर ते पत्र दाखवून डिपॉझिट माफ करा, अशी विनंती करायची. सरकारी प्रायोजक असेल तर पुष्कळ विद्यापीठं मान्य करतात. आणि काहीच जमलं नाही तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायची सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवायचं. हे तिन्ही ईमेल शिष्यवृत्तीच्या निकालाआधी जायला हवेत.

मधल्या काळासाठी फिरता निधी उभा करणं हे कॉलेजात किंवा वस्तीत या मुलांसाठी चालवलेल्या मदतकक्षाचं सगळ्यात उपयोगी काम आहे. पाच-सहा लाखांचा बिनव्याजी निधी, माजी विद्यार्थी, शिक्षक, गावकी, युनियन यांच्याकडून. एका वेळी दोन मुलांना तेवढ्याने पुरतं. साध्या कागदावर नोंद: किती दिले, शिष्यवृत्तीचे पैसे आल्यावर किती दिवसांत परत, जबाबदार कोण. देणगी म्हणून दिलं तर निधी एका वर्षात संपतो.

बँकेच्या कर्जाचं गणित इथल्या घरांना अवघड जातं. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ७.५ लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार चालतो, त्यावर मालमत्ता तारण; शिवाय परदेशासाठी १५ टक्के रक्कम स्वतःची. ज्यांचं घर झोपडपट्टीत आहे त्यांच्याकडे तारण नाही, हे उघड आहे. पण नवी मुंबईच्या गावठाणातल्या प्रकल्पग्रस्तांचंही तेच होतं. गरजेपोटी बांधलेलं तीन मजली घर असतं, भाडं येत असतं, पण बँकेला हवी तशी मालकीची कागदपत्रं नसतात. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या सदनिकेला गहाण ठेवण्यासाठी सिडकोची परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. म्हणून कर्जाची चौकशी ऑफर आल्यावर नव्हे, अर्ज करतानाच सुरू करा. तारण नसताना कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, पण व्याज चढं असतं आणि अभ्यास चालू असतानाच ते वाढत राहतं. सही करण्याआधी पूर्ण परतफेडीचा आकडा लिहून मागा.

करारनामा आणि व्हिसा

निवड झाल्यावर सरकार स्टॅम्प पेपरवर करारनामा करून घेतं, आणि बहुधा जामीनदार विचारले जातात. नातेवाईक तिथे मागे सरतात. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला जाताना डॉ. आंबेडकरांनाही परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार करावा लागला होता, तेव्हा कराराचं दडपण जुनंच आहे. जामीनदार कोण होणार हे अर्ज करतानाच ठरवा, त्याला अटी वाचून दाखवा.

ब्रिटनच्या व्हिसासाठी राहणीखर्चाचे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जातो, आणि मुलं नेमकी त्या दिवसांत तिकिटाचे पैसे त्याच खात्यातून काढतात. सरकारी प्रायोजक पूर्ण खर्च देत असेल तर त्याऐवजी पत्र चालतं. पत्रात विद्यार्थ्याचं नाव, प्रायोजकाचा पत्ता आणि संपर्क, तारीख, किती काळासाठी, आणि किती रक्कम किंवा "सर्व फी व राहणीखर्च" असा उल्लेख हवा. मंजुरीचं पत्र मराठीत असेल तर इंग्रजी प्रत मागून घ्या किंवा प्रमाणित भाषांतर जोडा. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातूनच करायची.

अमेरिकेला विद्यापीठाचा आय-२० फॉर्म आल्यावर सेव्हिस या विद्यार्थी नोंदणी प्रणालीचे ३५० डॉलर आधी, मग व्हिसाची फी, मग वांद्रे-कुर्ला संकुलातली मुलाखत. तिथे "पैसे कोण देणार" याचं उत्तर दोन वाक्यांत यायला हवं.

घरच्यांची बैठक

मुलींच्या बाबतीत कागद पूर्ण होऊनही बेत मोडतो तो इथे. पालकांना ऑफर आल्यावर नव्हे, आयईएलटीएसच्या आधी एकदा बोलवा, रविवारी, आई आणि वडील दोघांनाही. ते विचारतात ते प्रश्न खरे असतात: राहणार कुठे, आजारी पडली तर कोण बघणार, कर्ज फेडायला किती वर्षं, लग्नाचं काय. पहिल्या तीन प्रश्नांना आकडे आणि छापील कागद दाखवा: विद्यापीठाच्या वसतिगृहाचं पान, आरोग्य अधिभार भरला की तिथली सरकारी दवाखान्याची सोय मिळते ही माहिती, परतफेडीचा तक्ता. चौथ्याला तुम्ही उत्तर देऊ नका. मुलीला बोलू द्या. त्याच भागातली आधी गेलेली मुलगी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलली तर तिचं जास्त ऐकलं जातं.

गेल्यानंतरचं काम

मुलगा विमानात बसला की मदतकक्ष फाइल बंद करतो, आणि दुसरा हप्ता तिथेच अडकतो. पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात स्थानिक बँक खातं, नोंदणी झाल्याचं विद्यापीठाचं पत्र आणि बोर्डिंग पासची प्रत शिष्यवृत्ती कार्यालयाला ईमेलने जायला हवी. तिकिटाचे पैसे परत मिळवायला बोर्डिंग पास मागतात, आणि तो बहुतेक मुलं विमानतळावरच टाकून देतात. पुढे प्रत्येक सत्राअखेर गुणपत्रक आणि मार्गदर्शकाचं प्रगतीचं पत्र, लेटरहेडवर, सहीसह. फीची मागणी विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून आलेल्या इन्व्हॉइसनुसार होते, म्हणून इन्व्हॉइसवर प्रायोजकाचं नाव बरोबर घालून घ्यावं. चुकलेल्या नावाचा इन्व्हॉइस परत पाठवून नवा येईपर्यंत महिना जातो, आणि विद्यापीठ तोवर पोर्टल बंद करू शकतं. उशीर होणार असं दिसलं तर विद्यार्थ्याने वित्त विभागाला आधीच लिहावं, सोबत मंजुरीपत्र जोडावं आणि हप्त्याची मुदत मागावी. या सगळ्या तारखा मदतकक्षाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि त्या महिन्यात फोन तुम्ही करा. परदेशात एकट्या पडलेल्या मुलाला पैसे थकलेत हे आपल्या माणसांना सांगायचीच लाज वाटत असते.